पहाऱ्याचा दगड

१

सकाळी सातला फाटक उघडायचं, कचेरीचं कुलूप काढायचं, नळाखाली बादली लावायची आणि ती भरेपर्यंत चहाचा दुसरा कप संपवायचा. मुकादमाचा हा क्रम एकवीस वर्षांत बदलला नव्हता. दफनभूमीत काम करणाऱ्या माणसाबद्दल लोक काय काय कल्पना करतात, पण त्याच्याइतका निवांत माणूस त्या वस्तीत शोधून सापडला नसता. राहायला फाटकालगत तीन खोल्यांचं घर, कामावर जायला चाळीस पावलं, आणि ज्यांची देखभाल करायची त्यांची एकाचीही तक्रार नाही. हा शेवटचा विनोद तो पाहुण्यांना हमखास ऐकवायचा आणि बायको हमखास कपाळाला हात लावायची.

पहिली फेरी सैनिकांच्या भिंतीकडे. ती भिंत चांगली तीस पावलं लांब, दगडी, आणि तिच्यात शवपेटी आडवी सरकवता येईल असे एकेचाळीस कप्पे. प्रत्येक कप्प्याला दगडाचं झाकण, झाकणावर नाव आणि सालं. समुद्रापलीकडच्या देशातून इथे लढायला आलेली ही माणसं. लढाई संपली, इथल्या मुलींशी लग्नं केली, इथेच मुलंबाळं झाली. मायदेशी परत नेऊन पुरायला कोणी नव्हतं आणि तिकडच्या सरकारच्या तर ती खिजगणतीतही नव्हती. मग त्यांनीच रविवार-रविवार खपून आपल्या हातांनी ही भिंत उभी केली. चाळीस कप्पे भरले होते. उरलेला एक मुकादमाच्या सासऱ्यांचा होता. सगळी वस्ती त्यांना हवालदार म्हणायची, आणि ते सध्या मुकादमाच्याच घरात, मागच्या खोलीत पडून होते.

भिंतीसमोर तीन पायऱ्या होत्या. सर्वांत वरच्या पायरीत मधोमध एक काळा चौकोनी दगड बसवलेला होता. त्याला पहाऱ्याचा दगड म्हणत.

त्या सकाळी दव इतकं पडलं होतं की मुकादमाचे मोजे भिजले. काळ्या दगडावर थेंबांचा पातळ थर चमकत होता. आणि त्या थरात दोन कोरड्या जागा होत्या. शेजारी शेजारी, बुटाच्या आकाराच्या, पाठ भिंतीकडे आणि तोंड रस्त्याकडे. उजवा सरळ होता. डाव्याचा चवडा बाहेर वळलेला होता.

मुकादम बादली खाली ठेवून पाहत राहिला. कोणी रात्रभर इथे उभा राहिला असेल आणि आत्ताच निघून गेला असेल, तर असंच दिसेल. पण मग तो गेला कुठून? खालच्या दोन पायऱ्या सारख्या ओल्या होत्या. गवतावरचं दवही मोडलेलं नव्हतं, त्याच्या स्वतःच्या वाटेपुरतंच काय ते मोडलेलं.

‘असेल एखादा पिऊन आलेला,’ त्याने स्वतःला सांगितलं. पिऊन आलेला माणूस गवताला पाय न लावता कसा गेला, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. बादली ओतली, ब्रश फिरवला आणि पुढच्या फेरीला लागला. पण त्या दिवशी त्याने तीनदा काही ना काही निमित्त काढून भिंतीसमोरून चक्कर मारली.

२

हवालदारांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यातून घरी आणून आठवडा झाला होता. म्हातारा काटक, पण आता अंगात काही उरलं नव्हतं, हे डॉक्टरांनी मुकादमाला दाराबाहेर नेऊन सांगितलं होतं. बायकोला त्याने ते अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं तिने त्याच्या तोंडावरून वाचलं.

नाश्त्याची बशी घेऊन तो आत गेला तेव्हा हवालदार छताकडे पाहत होते.

“जावईबापू, एक विचारायचं राहिलं.”

“विचारा ना, बाबा.”

“स्वयंपाक्याच्या वेळी पहारा कोणी बदलला?”

स्वयंपाकी म्हणजे त्यांच्या पलटणीचा स्वयंपाकी. तीन आठवड्यांपूर्वी गेला. तेव्हा हवालदार दवाखान्यात होते आणि बाकी जिवंत कोणी उरलंच नव्हतं.

या लोकांची एक रीत होती. नवा मेलेला कप्प्यात सरकवला की झाकण बसवायच्या आधी मागे राहिलेल्यांपैकी एकाने पहाऱ्याच्या दगडासमोर उभं राहायचं आणि आधीच्या मेलेल्याला खड्या आवाजात सांगायचं, “तुझी पाळी संपली. पुढचा आलाय.” बस, एवढंच. नंतर मुकादमाने झाकण लावायचं. परक्या मातीत निजायचं तर कोणीतरी एकाने जागं राहायला पाहिजे, असं हवालदार एकदा हसत हसत म्हणाले होते. त्या वेळी मुकादमाचं लक्ष घमेल्यातल्या सिमेंटकडे होतं. ते सुकायला लागायचं, आणि ही म्हातारी मंडळी छात्या काढून उभी राहायची. मनातल्या मनात तो चरफडायचा.

स्वयंपाक्याच्या वेळी असं म्हणणारं कोणी नव्हतं. आभाळ भरून आलं होतं. मुकादमाने झाकण बसवलं, सांधे भरले, थापी धुतली आणि घरी आला.

हे खरं सांगायला काय हरकत होती? पण त्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या डोळ्यांत असं काही होतं, की मुकादमाची जीभ आपोआप वळली.

“मीच बदलला की. एवढी वर्षं ऐकतोय, पाठ झालंय मला.”

“दगडासमोर उभं राहून?”

“दगडासमोर उभं राहून.”

“मोठ्यांदा?”

“माळी कुंपणापासून धावत आला, इतक्या मोठ्यांदा.”

हवालदार हसले. बशीतलं सगळं संपवलं आणि दुपारपर्यंत गाढ झोपले. मुकादमाला आपण पुण्याचं काम केलं असंच वाटलं.

३

दुसऱ्या दिवशी दव होतं आणि कोरड्या जागाही होत्या. तिसऱ्या दिवशीही होत्या. जागा त्याच, चवडाही तसाच बाहेर वळलेला.

चौथ्या दिवशी मुकादमाने माळ्याला बोलावलं. माळी हा प्रत्येक गोष्टीवर मत असणारा माणूस. तो उकिडवा बसला, दगडाला बोट लावलं, बोटाचा वास घेतला.

“तेल आहे,” तो म्हणाला. “बुटाला तेल लागलेला कोणीतरी उभा राहिलाय. दगड तेल पितो. तेलावर पाणी ठरत नाही. शाळेत शिकवलंय आपल्याला.”

“दव ठरत नाही, की पडतच नाही?”

“तुम्ही ना मुकादम, उगाच डोक्याला ताप करून घेता.”

मुकादमाला हे पटलं. पटवून घ्यायला तो उतावीळच झाला होता म्हणा ना. त्याने सोडा आणला, गरम पाणी आणलं, आणि ज्या तारेच्या ब्रशला तो दगडाच्या जवळपास फिरकू देत नसे, त्याच ब्रशने दगड घासून काढला. हात भरून आले. दगड लखलखीत झाला. चला, संपला विषय.

दोन वाजता भुरभुर पाऊस सुरू झाला. मुकादम कचेरीत नोंदवही पुढ्यात घेऊन बसला होता, पण एक ओळ लिहून होईना. खुर्ची टोचायला लागली. उठला, बसला, पुन्हा उठला. शेवटी छत्री घेऊन निघाला आणि भिंतीशी येऊन तिसरी पायरी पाहिली.

दगड ओला होत होता. बारीक थेंब पडत होते आणि काळ्यावर काळे डाग उमटत होते. दोन जागा सोडून सगळीकडे.

तेल असतं तर त्यावर थेंब पडून घरंगळले असते. त्या जागांवर थेंब येतच नव्हते. मुकादमाने छत्री मिटली. का मिटली ते त्याला सांगता आलं नसतं. तो खाली वाकला आणि त्या डाव्या कोरड्या जागेच्या वर, गुडघ्याइतक्या उंचीवर, तळहात उताणा धरला.

त्याच्या मानेवर पाऊस पडत होता. मनगटावर पडत होता. तळहातावर एक थेंब पडला नाही. हात वीतभर बाजूला घेतला, तर लगेच तीन थेंब पडले. पुन्हा आत नेला. काही नाही.

हात त्याने सावकाश मागे घेतला. घाई केली असती तर कोणाला तरी धक्का लागेल, असं त्याला त्या घटकेला वाटलं. मग मात्र तो वळला आणि तडक घरी आला. घर येईपर्यंत त्याने मागे पाहिलं नाही.

बायको चपात्या लाटत होती. “भिजलात की पार! छत्री हातात धरून भिजणारा माणूस पहिल्यांदा पाहिला.”

“बिगुलवाल्याचा कुठला पाय अधू होता गं?”

बिगुलवाला स्वयंपाक्याच्या आधी गेलेला. वर्ष होत आलं होतं.

“डावा. बाहेर फेकत चालायचे बिचारे. का?”

“सहज.”

“सहज म्हणे,” बायको म्हणाली. “तोंड बघा आरशात.”

४

मुकादम काही भाबडा माणूस नव्हता. वीसेक माणसं त्याने स्वतःच्या हातांनी त्या भिंतीत बंद केली होती, आणि एकही झाकण कधी आतून वाजलं नव्हतं. पण दुपारभर त्याच्या डोक्यात एकच किडा वळवळत राहिला. आपण खोटं बोललो. बिगुलवाल्याला कोणी सांगितलंच नाही. तीन आठवडे वर झाले, तो माणूस आपल्या अधू पायावर उभा आहे.

‘हे खुळचट आहे,’ त्याने ठरवलं. आणि मग असंही ठरवलं, की खुळचट असेल तर दोन वाक्यं बोलून टाकायला काय जातं? कोणी पाहत नाही, कोणाचं काही बिघडत नाही, आणि आपण म्हाताऱ्याला सांगितलेलं उशिरा का होईना खरं होईल.

चार वाजता, माळी पलीकडच्या टोकाला गेलेला पाहून, तो दगडासमोर उभा राहिला. घसा खाकरला. स्वतःच्याच आवाजाची लाज वाटेल की काय असं त्याला वाटत होतं, पण आवाज सरळ आला.

“तुझी पाळी संपली. पुढचा आलाय.”

भुरभुर चालूच होती. काही क्षण काहीच झालं नाही. मग डाव्या जागेच्या टाचेवर एक थेंब पडला. मग टाच पूर्ण ओली झाली आणि चवडा शेवटी. पाय उचलताना जसा उचलला जातो, तसंच. उजव्याचंही तेच. आता सगळा दगड सारखा ओला होता. भीती होतीच, नाही असं नाही, पण त्याहून जास्त कणव होती.

मग त्याच दगडावर, थोड्या अंतराने, दोन नव्या जागा सुकायला लागल्या. रुंद, पसरट, तव्यासारख्या. स्वयंपाक्याचे पाय तसेच होते. त्याच्या मापाचे बूट पलटणीत मिळायचे नाहीत, यावरून हवालदार त्याला मरेपर्यंत चिडवत असत.

५

त्या दिवसापासून मुकादमाचं बूड एका जागी टेकेना. जेवताना मध्येच उठायचा. फाटक लावलं की नाही हे पाहायला तीन-तीनदा जायचा. मागच्या खोलीत हवालदारही जागेच असायचे. दोघांपैकी कोण कोणामुळे अस्वस्थ आहे, हे बायकोला कळेना.

एका दुपारी ती भाजी आणायला गेलेली असताना हवालदारांनी त्याला जवळ बोलावलं.

“म्हणजे आता स्वयंपाकी उभा आहे.”

“हो,” मुकादम म्हणाला. या खेपेला खरं होतं.

“नंतर मी.”

मुकादमाने त्यांचं पांघरूण वर ओढलं.

“मग माझ्यानंतर कोण, जावईबापू?” म्हाताऱ्याचा हात त्याच्या मनगटावर आला. “आम्ही ही रीत पाडली तेव्हा एकेचाळीस जण होतो हो. तेव्हा कोणाच्या मनात येतं की शेवटचा कोणीतरी असणार? मला भीती वाटते. लढाईत वाटली नाही एवढी वाटते. मला तिथे नका ठेवू. हिच्या आईशेजारी ठेवा.”

सासूबाई दुसऱ्या टोकाला, कुंपणाजवळच्या कुटुंबाच्या जागेत होत्या. तिथे चौघांची सोय होती.

“नाही ठेवत तिथे. आईंशेजारी ठेवतो. झालं?”

“झालं कसं?” हवालदारांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “तो स्वयंपाकी. त्याला पहारा माफ होता. स्वयंपाक्यांना असतो. मला ताप आला होता तेव्हा तीन रात्री माझ्या जागी उभा राहिला, कोणी न सांगता. दिवसा चाळीस माणसांचं रांधायचं आणि रात्री माझा पहारा. आता त्याला तसाच उभा ठेवून मी बायकोशेजारी जाऊन झोपू? बरं दिसतं का हे?”

मुकादमाने त्यांचे डोळे पुसले, उशी सारखी केली.

“बाबा, तुम्ही आईंशेजारी निजायचं. स्वयंपाक्याचं मी बघतो.”

“तुम्ही काय बघणार?”

“बघतो म्हटलं ना. मुकादम आहे इथला. आतापर्यंत तुमचं कुठलं काम अडवलंय मी?”

हवालदारांना विश्वास ठेवायचा होता, आणि त्यांनी ठेवला. मनगटावरचा हात सैल पडला. तिसऱ्या दिवशी सकाळी बायको चहा घेऊन आत गेली आणि बाहेर आलीच नाही, तेव्हा मुकादमाला कळलं.

६

मातीच्या वेळी धो धो पाऊस होता. आलेले लोक छत्र्या सावरत भराभर निघून गेले. वस्तीतल्या दोघा-तिघांनी विचारलं, की हवालदारांची जागा भिंतीत नव्हती का? बायकोने सांगितलं, बाबांची शेवटची इच्छा होती. आईच्या उशाशी ती वाकली, ओल्या मातीवर हात ठेवला, आणि पलीकडच्या दोन मोकळ्या जागांकडे बोट दाखवून म्हणाली, “या आपल्या दोघांच्या. मी आईच्या बाजूला, तुम्ही माझ्या बाजूला. तेवढं बरं झालं बघा, सगळे एकत्र राहू.”

“हो,” मुकादम म्हणाला. “तू हो पुढे. मी फावडी आत ठेवून येतो.”

फावडी माळ्याने केव्हाच नेली होती.

भिंतीपाशी पाण्याचे लोट वाहत होते. पायऱ्यांवरून पाणी उतरत होतं. वरच्या दगडावर मात्र दोन रुंद जागा कोरड्या ठणठणीत होत्या, आणि त्यांच्या वर, माणसाच्या उंचीइतका, पाऊस नीट दिसत नव्हता. तिथे पावसाच्या रेषा तुटल्यासारख्या होत्या. मुकादमाने तिकडे टक लावून पाहायचं टाळलं.

घरी जावं का? गेलं असतं तरी चाललं असतं. बाबांना दिलेला शब्द अर्धा पाळला होता. उरलेल्या अर्ध्याचा जाब विचारायला कोणी उरलं नव्हतं. आणि तोंडाने काय म्हणणार? पुढचा आलाय? कप्पा रिकामा होता. पुढचा कुंपणाजवळ आपल्या बायकोशेजारी निजला होता.

पण दिवसभर चाळीस माणसांचं रांधून रात्री दुसऱ्याच्या जागी उभा राहणारा तो माणूस त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. त्याला पहाऱ्यातून कोणी कधी सोडवलं होतं का? मुकादमाला रडू आलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

“तुझी पाळी संपली,” तो म्हणाला. आणि थोडं थांबून, कारण हे खोटं आहे हे त्याला माहीत होतं, “पुढचा आलाय.”

रुंद जागांवर पाणी पसरलं. आधी टाचा, मग चवडे. खूप दमलेला माणूस डोक्यावरचं ओझं उतरवताना सोडतो, तसा एक श्वास त्याच्या कानाजवळून गेला. पाऊसच असेल. पावसाला नाना आवाज असतात.

मुकादम पुढच्या जागा सुकायची वाट पाहत राहिला. काही सुकलं नाही. चला, नसेलच काही, असं म्हणून तो निघणार, तर रस्ता त्याच्या समोर होता. भिंत पाठीशी होती. तो खाली, पायऱ्यांच्या पुढ्यात उभा होता, एवढं त्याला नक्की आठवत होतं. वर कधी चढला, वळला कधी, हे आठवत नव्हतं.

“अहो!” बायकोची हाक आली. “किती वेळ? केव्हाची उभी आहे मी इथे!”

पाय उचलायला त्याला जोर लावावा लागला. दुसऱ्या हाकेला तो निघाला.

७

त्यानंतर दव पडलं, पण दगडावर सगळीकडे सारखं पडलं. मुकादम रोज पाहायचा आणि रोज सुटकेचा श्वास टाकायचा. सगळं निस्तरलं होतं. बाबा आईंशेजारी, स्वयंपाकी मोकळा, आणि दगड हा नुसता दगड.

मग अंगात ही कसली खळबळ होती? तो बसू शकत नव्हता. बसला की पोटऱ्या भरून यायच्या, दिवसभर उभं राहिल्यासारख्या. “पायाला भिंगरी लागलीय का तुमच्या?” बायको विचारायची. पाऊस सुरू झाला की घरात, कोरड्या सदऱ्यातसुद्धा, त्याचे खांदे गार पडायचे आणि मानेवरून काहीतरी ओघळल्यासारखं व्हायचं. हात लावून पाहावं तर मान कोरडी. वय झालं, त्याने मनाची समजूत घातली. पन्नाशीनंतर असं होतंच.

नवव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला सर आली. मुकादम स्वयंपाकघरात स्टुलावर बसून बादलीची कडी बसवत होता. बायको खिडकीशी उभी राहून तांदूळ निवडत होती. त्या खिडकीतून भिंत दिसायची.

“अहो,” ती म्हणाली. “दगडावर कोणीतरी उभं आहे.”

पक्कड त्याच्या हातात तशीच राहिली.

“या पावसात बिनछत्रीचं. हलत पण नाही.”

“असेल कोणी भेटायला आलेलं.”

“दगडावर कोणी चढतं का? अहो, बघा तरी.”

तो उठला, तिच्या मागे जाऊन उभा राहिला. अंतर बरंच होतं आणि पाऊस आडवा येत होता. चेहरा दिसण्यासारखा नव्हता. माणूस स्वतःला असा लांबून कधी पाहत नाही, म्हणून ओळखायला त्याला थोडा वेळ लागला. उचलून उचलून पडलेला उजवा खांदा. गुडघ्यात किंचित वाकलेले पाय. हातात टोपी.

एका क्षणात त्याला सगळं समजलं, आणि नवल म्हणजे तो ओरडला नाही. बायकोच्या खांद्यावर त्याने हात ठेवला. तिचा खांदा ऊबदार होता.

“कोण दिसतंय तुला?” त्याने विचारलं.

“उभं राहायची ढब ओळखीची आहे.” तिने खिडकीच्या गजाला कपाळ टेकलं. “बाबाच असतील. दुसरं कोण असणार? आपण त्यांना आईजवळ आणलं, पण जीव अडकला त्यांचा तिकडे. आपल्या माणसांत नाही ना ठेवलं आपण त्यांना.” तांदळाचं ताट तिने ओट्यावर ठेवलं, डोळे पुसले, आणि दारामागची छत्री काढली. “मी जाते.”

“कुठे?”

“ते काय म्हणायचे ना पहारा बदलताना, ते म्हणून येते. कोणीतरी सोडवायला नको त्यांना? लहानपणी किती वेळा ऐकलंय मी. तुझी पाळी संपली...” ती उंबऱ्यात थांबली. “पुढे काय हो?”

मुकादमाने पक्कड स्टुलावर ठेवली. वाक्य पुरं झालं तर तो सुटणार होता. आणि जिने ते म्हटलं ती तिथे उभी राहणार होती, उन्हापावसात, ती जिवंत आहे तोवर आणि त्यानंतरही. कुंपणाजवळची ती जागा, आईच्या बाजूची, तिच्यासाठी होती. तिच्या बाजूची, त्याची, आता रिकामीच राहायची होती.

“पुढे काही नाही,” तो म्हणाला. “तेवढंच.”

“छे, दोन वाक्यं असायची.”

“एकच. एवढी वर्षं घमेलं धरून शेजारी उभा असायचो मी, मला माहीत नाही का?”

तिचा त्याच्यावर विश्वास होता. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिला फसवलं नव्हतं. छत्री उघडून ती पावसात गेली.

खिडकीतून त्याला ती पायऱ्यांपाशी पोचलेली दिसली. मान वर करून तिने काहीतरी म्हटलं. मग ती थांबली, काही घडतं का पाहिलं, आणि एक पायरी चढून छत्री पुढे, त्या उभ्या असलेल्याच्या डोक्यावर धरली. स्वतः भिजत होती.

स्वयंपाकघरात मुकादमाच्या मानेवरचा गारठा थांबला. तो खिडकीचा गज धरून उभा राहिला आणि तोंडावर हात दाबून रडला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

बऱ्याच वेळाने ती आली. पदर पिळला, केस झटकले. तिचा चेहरा उजळला होता.

“म्हटलं मी,” ती म्हणाली. “आता सुटतील ना ते?”

“सुटले असतील,” मुकादम म्हणाला, आणि खिडकीकडे पाठ करून कडी बसवायला लागला.